पाठमोरी पंगत

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या मासळीवाल्या मावशी मसोली गाव सोडून वापीला लेकाकडे राहायला गेल्या असून, इथे कोण जाड आणि कोण बारीक हे ठरवणारं अधिकृत माणूस आता उरलेलं नाही.

टोपली उतरवण्याआधी समोरच्याला नजरेनेच तोलायचं, ही मावशीची पद्धत. मी भरलेलं पापलेट. माझा नवरा बोंबील. बँकेतले साहेब घोळ मासा. कोणी रागवायचं नाही. ताजा मासा हवा तर एवढं ऐकून घ्यावंच लागायचं.

माझी भाची मनाली कॉलेज सांभाळून एका मोबाईलच्या दुकानात काम करायची. एकाएकी तिने काम सोडलं. बापाचे ढगळ शर्ट घालू लागली, भात नुसता ताटात फिरवू लागली. ताईला वाटलं, डाएट चाललंय. मासळीवाली मावशी ओट्यावर बसून म्हणाली, "काय गं मनू, पार सुकट झालीस. कोणाच्या लग्नात मिरवायचंय?"

मनालीने खाली बघतच सांगितलं, "दुकानाच्या शेठने मागच्या खोलीत धरलं मला, मावशी. वर म्हणाला, असलं अंग घेऊन फिरतेस, मग माझी काय चूक. आता हे अंगच नको मला."

मावशी उठली आणि ताई-मनालीसोबत तडक पोलीस ठाण्यात गेली, टोपलीसकट.

"मावशी, टोपली बाहेर ठेवा," हवालदार म्हणाले.

"बाहेर मांजर बसलंय. तुम्ही लवकर लिहून घ्या, वासही लवकर जाईल."

तक्रार भराभर लिहिली गेली. केस अजून चालू आहे.

समुपदेशक बाईंनी घरच्यांना बजावलं, की पोरीच्या अंगावरून आणि ताटावरून कोणी काही बोलायचं नाही. मावशीने विचार केला. "बघितलं की माझं तोंड सुटतं. त्यापेक्षा मी बघतच नाही." दुसऱ्या दिवसापासून ती आपलं ताट घेऊन येऊ लागली आणि मनालीच्या पाठीला पाठ लावून जेवू लागली. हळूहळू सगळं घर तसं बसू लागलं. वाणगावचे पाहुणे घाबरले. "भांडण झालंय का?" "नाही, जेवण चाललंय," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली.

गिऱ्हाइकांना तोलणंही तिने सोडलं. कोणी समोर आलं, की माशाचं नाव ओठांवर यायचं, ते गिळून ती म्हणायची, "आज ऊन छान पडलंय." पावसातसुद्धा.

मनालीचं ताट काही दिवस रिकामं व्हायचं, काही दिवस तसंच परत जायचं. समुपदेशक बाईंकडे जाणं मात्र तिने चुकवलं नाही.

वापीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशीने स्वतः कालवण रांधलं. अख्खी आळी अंगणात पाठीला पाठ लावून बसली. वाट्या खांद्यांवरून फिरत होत्या, निम्मं कालवण ताईच्या पदरावर. तेवढ्यात मनाली ताट घेऊन उठली आणि मावशीच्या समोर येऊन बसली. मावशीने डोळे घट्ट मिटले.

"उघड डोळे. बघ माझ्याकडे," मनाली म्हणाली, "आणि अजून भात वाढ."

मावशीने डोळे उघडले. पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओठ हलले. आळीच्या माना वळल्या. दिवस केव्हाच मावळला होता.

"पोरी," मावशी म्हणाली, "आज ऊन काय छान पडलंय गं."