चार बोटं बुंधा

भिंगकाकूला देवानं डोळे दोनच दिले, संशय मात्र पोत्यानं दिला. दूधवाला दारात आला की ती आधी भांड्यात बोट बुडवून बघायची. डॉक्टरनं गोळी दिली की मोडून वास घ्यायची. शेजारीण दोन शब्द गोड बोलून गेली की घरात येऊन कपाटाचं कुलूप ओढून बघायची. गळ्यात दोऱ्याला घडीचं भिंग लटकलेलं असायचं, त्यावरून नाव पडलं. खरं नाव नवऱ्यालाही आठवून सांगावं लागलं असतं.

पण तिच्या धंद्याला हा स्वभाव मानवला. रानफुलांचं बी धरायचं आणि ज्यांना उजाड उतारावर पुन्हा रान उठवायचं असेल त्यांना द्यायचं, हा तिचा धंदा. त्यातही जीव रान-ॲस्टरवर. या ॲस्टरचं खानदान मोठं आणि तोंडवळा एकच. जांभळट पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली, सगळ्या सख्ख्या बहिणी. कुणी फूल बघून नाव ठोकून दिलं की काकू म्हणायची, "फुलाचं काय बघता? फूल म्हणजे पावडर लावलेलं तोंड. उलटं करा आणि मान बघा."

मान म्हणजे फुलाखालचे हिरवे खवले. डोंगरावरच्या जातीत ते कौलांसारखे एकावर एक चिकटून बसतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पत्त्यातल्या चौकटीसारखी हिरवी खूण असते. हिला काकू डोंगरी म्हणायची. डोंगरी वाढते उंच आणि सरळ. पान रुंद, बिनदेठाचं, खोडाला मिठी मारून बसलेलं. पानावर निळसर भुकटी असते, अंगठा फिरवला की पुसून जाते. रस्त्याच्या कडेची बहीण ठेंगणी, फांद्याच फांद्या, पान बारीक, खवल्यांची टोकं मांजराच्या नखांसारखी बाहेर वळलेली. हिचं नाव काकूनं सडकछाप ठेवलं होतं. दोघी शेजारी आल्या की मधमाशी मधे हिंडते, आणि मधमाशी काही जात विचारत बसत नाही. पुढच्या बियांत मग ना आई कळते, ना बाप.

म्हणून काकूची कोपऱ्यातल्या वाफ्यावर बारीक नजर होती. काकूचे गुडघे धरल्यामुळे त्या वाफ्याचं बी दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेनं डोंगरावर जाऊन आणलं होतं. पुढच्याच वर्षी तो उतार यंत्रांनी कापून तिथून रस्ता काढला. आता तिथली डोंगरी उरली होती ती या एका वाफ्यात.

पहिल्या वर्षी रोपं जमिनीलगत पानांचा झुपका करून बसली. झुपक्यात सगळ्या बहिणी सारख्या. दुसऱ्या वर्षी दांडे वर यायला लागले आणि नेमकी तेव्हाच काकू लेकीच्या बाळंतपणाला गेली. परत आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी वाफ्याकडे गेली. बघते तर रोपं गुडघ्याएवढी, फांद्याच फांद्या, पानं बोटाएवढी. कळ्या टपोऱ्या, दोन-चार दिवसांत उमलतील अशा.

"बी कुठून आणलं होतंस गं?" तिनं जावेला विचारलं. जाऊ पलीकडच्या वाफ्यात खुरपत होती.

"डोंगरावरनं. जागा तुम्हीच सांगितलीत ना?"

"वर गेली होतीस, की सडकेवरच तुझा डोंगर लागला?"

"जाऊबाई, त्या चढाला माझी चप्पल तुटली होती. तुम्हीच चांभाराकडे घेऊन गेलात."

"चप्पल सडकेवरही तुटते."

जावेनं खुरपं आपटून माती झाडली आणि पुन्हा मान खाली घातली. काकूच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई मिठाच्या चिमटीवरून तासभर भांडणारी, आणि आज ऐकून घेते?

काकूचा नवरा छपरीखाली विळ्याला धार लावत बसला होता. माणूस अबोल. सकाळी 'चहा' म्हणायचा, रात्री 'दिवा', मधला दिवस मोकळा. तोही आज म्हणाला, "अगं, राहू दे की. फुलतील."

"तुम्हाला कधीपासून फुलांचा पुळका आला?"

तो पुन्हा धारेला लागला. एकाच जागी दगड फिरत राहिला. काकूनं तेही टिपलं.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंग लावून कळ्यांच्या माना बघितल्या. खवले चिकटलेले, टोकाला चौकट. दुसरी कुणी असती तर तिथंच हुश्श म्हणून उठली असती. काकू म्हणाली, मान आईची आणि अंग बापाचं, असंही असतं. जाऊ डोंगरावर गेली असेल हो, पण अर्ध्यात दमली असेल. दोघी शेजारी फुलतात तिथलंच बी पिशवीत कोंबलं असेल. जितकं तिला माहीत होतं, तितका तिचा संशय माजला.

तिसऱ्या दिवशी एक कळी किंचित उकलली आणि काकूनं पदर खोचला. "उपटते," ती म्हणाली. "उद्या माशा फिरायला लागल्या की माझं बाकीचं बीही गेलं."

जाऊ कमरेवर हात ठेवून वाफ्याच्या कडेला आली. "उपटा. मग नवं बी कुठून आणाल? डोंगर तर रस्त्यानं गिळला."

"ती काळजी सडकेवरून बी आणताना करायची होतीस."

"मी वरूनच आणलंय."

"मग अडव मला."

जाऊ अडवायला आली नाही. तिनं फक्त एकदा छपरीकडे बघितलं. काकू गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली, झुडपाच्या पार तळाशी हात घातला, मूठ आवळली आणि ओरडली. तळव्यात काहीतरी कचकन घुसलं होतं.

रक्त पदराला पुसत तिनं पानं बाजूला केली. मध्ये वाळलेला खुंट. तिरका, धारदार कापलेला. त्याच्या अंगाखालून चारी बाजूंनी नव्या फांद्या फुटलेल्या. शेजारचं रोप बघितलं. तिथंही खुंट. ओळीनं सगळे तसेच, जमिनीपासून चार-चार बोटं उंच.

जाऊ गवत काढते ती खुरप्यानं, मुळासकट. चार बोटं बुंधा सोडून कापणारा माणूस घरात एकच होता. बापाच्या विळ्याला दगड लागू नये म्हणून जपणारा. त्याच्यामागून गवत कापलं तर आणखी एक भारा निघतो, असं अख्खी आळी म्हणायची.

काकूनं एका खुंटाला चिकटून राहिलेलं जुनं पान शोधलं. रुंद, खोडाला मिठी मारलेलं. त्यावर अंगठा फिरवला. निळसर भुकटी निघाली, खाली हिरवं चकचकीत. शेंडा खुडला की झाड आडवं फुटतं आणि पानं बारकी येतात, हे ती स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवंती दाखवून शिकवत आली होती.

"अहो, इकडे या."

तो आला. विळा हातातच होता. खुंट बघितला, विळा बघितला आणि विळा पाठीमागे नेला. "गवत वाटलं," तो म्हणाला.

"मीच म्हटलं सांगू नका," जाऊ मध्ये पडली. "मुळं शाबूत होती. पाणी घालत राहिले. तुम्हाला कळलं असतं तर भाऊजींना जेवायला मिळालं नसतं."

"नसतंच मिळालं. आजही मिळणार नाही." काकूनं तळवा तोंडाशी धरून फुंकर घातली. "आणि तू गं? सडकेवरची, सडकेवरची म्हटलं, ते गिळून बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

काकूनं विचार केला. "नाही," ती म्हणाली आणि जावेपुढे हात केला. "उठव मला."

नवऱ्याला त्या दिवशी ताट मिळालं, पण रात्री. वाफा मात्र राहिला. उशिरा का होईना, फुलला. फुलं जरा लहान आली, पण माना सगळ्या चौकटीच्या.

बी धरायची वेळ आली. बियांच्या म्हाताऱ्या उडून जाऊ नयेत म्हणून सुकत्या फुलांवर कापडी पिशव्या बांधायच्या असतात. या कामाला आजवर काकू कुणाचा हात लागू देत नव्हती. त्या सकाळी तिनं पिशव्यांचा गठ्ठा जावेच्या ओटीत टाकला. "तुझं बी आहे, तू बांध. गाठी दोन मार. एक सुटते."

जाऊ बांधून घरात गेली. काकूनं मागं-पुढं बघितलं आणि वाकून एकेक गाठ ओढून पाहिली. सगळ्या घट्ट. शेवटच्या पिशवीला मात्र गाठी तीन होत्या.

दोन सांगितल्या होत्या. मग इथं तीन कशाला?

काकूनं भिंग उघडलं.