माझ्या बशीतलं टक्कल

चहा घ्या, आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या. माती मीच खाल्लीय, तेव्हा सांगणारही मीच!

चाळीस वर्षं मी दगडीपाल्याचं मलम करते. चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांचा हात प्रेसवर कापला, की ती आधी माझ्या दारात. शाळेची पायरी चढले नाही, पण पाला मला कळतो! आमच्या बचत गटानं हे मलम विकायला घ्यायचं ठरवलं, तर आळंदी रस्त्याचे वैद्यबुवा मध्ये तडमडले.

"आजी, बांधावरचं गवत ते! गटानं माझं मलम विकावं."

"मग होऊन जाऊ द्या तपासणी!"

शेजारच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंची शबाना पिंपरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत आहे. तिथं ज्याचं मलम जिंकेल, ते गट विकणार. तिनं दोन काचेच्या बशांत खरवसासारखा थर दिला, वर जंतू पेरले आणि मधोमध औषधात भिजवलेली कागदी टिकली ठेवली. एक बशी माझी, एक बुवांची.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हजर. शबाना फोन घ्यायला बाहेर गेली आणि मी बशांत डोकावले. बुवांच्या बशीत सायीसारखं दाट पीक! आणि माझ्या टिकलीभोवती? रुपयाएवढं टक्कल!

जन्म शेतात गेला हो माझा. पेरलेलं उगवलं नाही, तर मी काय समजायचं? शेजारी एक बिनपेरलेली बशी होती. ओल तरी आहे का, म्हणून तिच्यात बोट खुपसलं. ओल चांगली. म्हणजे खोट माझ्याच पाल्यात! आणि त्या बुवांपुढे मी हरू? दोन्ही बशांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या सोलल्या आणि केली अदलाबदल.

बुवा आले, पाठोपाठ गटाच्या बायका. शबानानं बशी उचलली.

"अभिनंदन, वैद्यबुवा! जंतू मरतात तिथंच अशी मोकळी जागा राहते. तुमचं औषध लागू पडलं."

माझ्या पायाखालची फरशीच सरकली!

"बघितलंत, आजी? गवत ते गवत," बुवा मिशीत हसले.

गप्प बसले असते, तर अब्रू राहिली असती आणि मलम गेलं असतं. मी टेबलावर हात आपटला. "चिठ्ठ्या मी बदलल्यात! ते टक्कल माझं हाय!"

"हरल्यावर काहीही बोलाल?"

"मग पुन्हा लावा! मी दाराबाहेर बसते, आतून कडी घाला!"

शबानानं कपाळाला हात लावला, पण पुन्हा लावलं. दोन दिवसांनी माझ्या बशीत स्वच्छ टक्कल, बुवांच्या बशीत साय. बायकांनी टाळ्या पिटल्या!

तेवढ्यात शबानानं तिसरी बशी पुढे केली. "हिच्यात तर मी काहीच पेरलं नव्हतं. कुणाचं हे, आजी?"

बोटाच्या ठशाएवढं, पिवळंधमक, गच्च पीक! सबंध प्रयोगशाळेत एवढं तरारलेलं दुसरं नव्हतं.

आज डबीवर नाव माझं आहे, ताठ मानेनं विकते. फक्त गटाच्या बायका एवढंच बजावतात, "आजी, मलम तुमचं एक नंबर. पण डब्या आम्ही भरू, तुम्ही बोट लावू नका!"