उधाणातून वाचलेली फांदी
आज दार उघडताच चाफ्याचा वास आला आणि ती जुनी सकाळ आठवली. किनाऱ्यावरच्या दांडीहून आमच्या सरावली गावात मासे विकायला येणाऱ्या मावशीच्या दारचा चाफा उधाणात पडला होता. वाचलेली एकच फांदी तिने मला दिली. मी ती लगेच मातीत खोचली आणि रोज तांब्याभर पाणी घालून सडवली. मावशीला ती दाखवताना मान वर होईना. मावशीने मासा पारखावा तशी फांदी अंगठ्याने दाबली, हुंगली. "वरती ताजी हाय," म्हणाली आणि कोयत्याने खालचा मऊ भाग उडवला. "चीक सुकू दे. आठ दिस इसरून जा, मंग रेतीत लाव." आता झाड पत्र्याच्या वर गेलंय. काल त्याचीच आठ दिवस सुकवलेली फांदी मावशीला तिच्या नव्या अंगणासाठी दिली. पाटीत ठेवण्याआधी तिने ती अंगठ्याने दाबून पाहिली.