जिंकला तो उभा

माझ्या हाताला गुण आहे, असं आमच्या घरी सगळे म्हणायचे. लचकलेला पाय असो की आखडलेली मान, माझा इलाज एकच: कोमट तिळाचं तेल आणि दोन अंगठे. त्यामुळे पन्नाशीत छत्रीबागेजवळच्या वृद्धाश्रमात कामाला लागले, तेव्हा आपल्याला कुणी काही शिकवायचं उरलंय असं मला वाटतच नव्हतं.

तिथे मिलमधून रिटायर झालेले एक आजोबा होते. सकाळचे पोहे झाले की व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे, ते जेवणाचं ताट येईपर्यंत हलायचे नाहीत. रमी! समोर दोन भिडू. चौथी खुर्ची रिकामी, कारण त्यांचा मिलमधला दोस्त बसून बसून पाठीला जखम होऊन पलंगाला खिळला होता. आजोबा त्या खुर्चीकडे बघायचेच नाहीत.

एकदा आंघोळ घालताना मला आजोबांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला.

"कुणाला सांगू नको हं, ताई. मला पण पलंगावर टाकतील, मग रमी खतम."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. दोन दिवस मन लावून तेल चोळलं. डाग आणखी लाल झाला, तर मी खूश. रक्त खेळायला लागलं म्हणून!

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पाहिलं. डागावर बोट दाबून उचललं.

"दाबल्यावर जागा पांढरी पडायला पाहिजे. ही लालच राहिली. जखमेची शुरुआत आहे ही. आणि ताई, लाल जागा चोळायची नसते, आतून आणखी खराब होते. समझ में आया?"

आलं. इतकी शरम वाटली की त्या दिवशी तेलाची बाटली कपाटात अगदी मागे ढकलली.

सिस्टरनं खुर्चीवर जाड गादी दिली, दुपारी कुशीवर झोपायला सांगितलं आणि बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळानं उठायचंच, असा हुकूम सोडला. नाही ऐकलं तर खुर्ची बंद. गादी आजोबांनी घेतली. उठायला मात्र साफ नकार.

"डाव सोडून कोण उठतं, भिया?" आजोबांच्या तोंडी बाई असो की माणूस, सगळेच 'भिया', म्हणजे भाऊ.

मी पण हट्टी. नियमच काढला: हरेल त्यानं उभं राहायचं. झालं भलतंच. आजोबा हरायचेच नाहीत, आणि बाकीचे दोन म्हातारे सकाळभर कवायत करून दमले. दुसऱ्या दिवशी नियम उलटा केला. जिंकेल त्यानं कठडा धरून उभं राहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आता मानाचा प्रश्न! आजोबा दर डावाला ताठ उभे, टाळ्या पुरेशा झाल्याशिवाय बसायचे नाहीत.

पंधरवड्यानं सिस्टरनं पुन्हा पाहिलं. डाग गेला होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन शेव घालून दोन प्लेट पोहे खाल्ले.

आजोबांनी मात्र पहिल्यांदाच त्या रिकाम्या चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही दोघं बसून राहायचो ना, तेव्हा त्याला पण असं उठवायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्ते उचलले आणि दोस्ताच्या खोलीत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. कूस बदलायला आम्हाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. पलंगाच्या या बाजूला आजोबा, त्या बाजूला भिंतीलगत, उशाजवळ पायथ्याकडे तोंड करून एक भिडू, मध्ये हा. दोघांनी पत्ते वाटले. भिंतीकडे तोंड असल्यामुळे त्याला त्या भिडूचे पत्ते सरळ दिसत होते, आणि त्यानं सगळी पानं मोठ्यानं वाचून दाखवली. चिडून भिडू बोंबलला. कित्येक महिन्यांनी दोस्त हसला.

दोनेक तासांनी त्यानंच मला हाक मारली.

"ताई, पलटव मला. पाठीमागं बसलाय त्याचे पत्ते बघायचे राहिलेत."