शांतव्वाकाकूनं चावलेलं पान

शांतव्वाकाकूचा आवाज ऐकला न्हाय असा माणूस त्या वेळच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत सापडणं अवघड हुतं. ती आमच्या दुधवाल्याशी बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतला दुधवाला पण सायकल थांबवून कान द्यायचा. मी त्यांच्याच खालच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायचो. मला गजराच्या घड्याळाची कधी गरजच पडली न्हाय. तिचा नवरा भरमाप्पा, एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, आणि ते चारी मांजराशी. मांजराचं नाव बेक्कू. कानडीत बेक्कू म्हंजे मांजरच. पण एवढं नाव शोधायला सुद्धा त्या माणसाला महिना लागला असंल.

ह्या बेक्कूला हिरवं काही दिसलं की तोंड घालायची खोड. एकदा कुणीतरी हौसेनं दिलेलं रोप त्यानं कुरतडलं आणि दोन दिवस आडवा पडला. भरमाप्पा जेवला न्हाय. मांजराला कुठली झाडं चालत्यात म्हणून काकू जनावरांच्या डॉक्टरला विचारायला गेली, तर तो म्हणाला, "बाई, मी म्हशी बघतो." मग काकूनं आपलाच कायदा काढला. घरात येणारं पान आधी ती चावून बघणार.

"मुक्या जनावराला सांगता येत न्हाय. मला येतंय की!"

तुळस पास झाली, जास्वंद पास झाली, अबोली पण झाली. नेच्याचं पान चावून म्हणाली, "जून मेथीवानी लागतंय, ऱ्हाऊ दे." नर्सरीवाला तिला लांबनं बघितलं की कुंड्या झाकायचा. मी एकदा म्हणालो, "काकू, हा निव्वळ येडेपणा हाय." तर मला म्हणाली, "भाडेकरू हाईस, भाडेकरूवानी ऱ्हा."

तर सत्त्याहत्तर सालची गोष्ट. काकूचा ल्योक ईरू तिशी ओलांडून गेलता आणि लग्न काय ठरंना. पोरगा गुणी, नोकरी पक्की. पण तीन ठिकाणची पावणं घर बघायला आली, काकूचा आवाज ऐकला आणि चहा अर्धा टाकून गेली. "पोरीला सासू न्हवं, गिरणीचा भोंगा मिळंल," असं एकजण जिन्यातच म्हणाला. ते ईरूनं ऐकलं. तवापासनं त्याचं घरात हसणं बंद झालं. चौथं स्थळ जयसिंगपूरचं. पोरगी नंदिनी, शाळेत मास्तरीण. ईरूला मनापासनं आवडलेली. काकू मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या बारीला तोंडाला कुलूप घालतो बघ मी." मला हसूच फुटलं.

रविवारी पावणं यायच्या आधी शेजारच्या सरोजिनीबाईंनी आपलं एक शोभेचं झाड हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. मोठी जाड पानं, त्यावर पांढरे ठिपके. दिसायला झकास. काकूनं बेक्कूकडं बघितलं, झाडाकडं बघितलं, आणि सवयीपरमाणं पानाचा तुकडा मोडून चावला.

"अय्यो!" एवढंच आलं. तोंड धरून मोरीकडं पळाली. जीभ सुजली, ओठ टम्म फुगले, आवाज गेला. मी थंड दूध आणून दिलं, डॉक्टरला निरोप धाडला, आणि तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

पावणं बसली. काकू पदर तोंडाला लावून बसलेली. काय विचारलं की मान हलवायची. मुलीची आई हळूच नवऱ्याला म्हणाली, "लई शांत हाईत की ओ." मला वाटलं, जमलं! आणि आतनं बेक्कू आला. सरळ कुंडीकडं.

काकूनं तोंड उघडलं, आवाज न्हाय. हात हलवले, तर पावण्यांना वाटलं पोहे घ्या म्हणतीया. शेवटी काकूनं उडीच मारली. पोह्यांची ताटली मुलीच्या बापाच्या धोतरावर, बेक्कू कपाटावर, आणि काकूनं भिरकावलेली कुंडी खिडकीतनं मागच्या परड्यात. ईरूचा चेहरा पांढराफटक पडला.

मुलीच्या बापानं भीत भीत विचारलं, "ह्यांना असं... नेहमी हुतं का?"

तवा भरमाप्पा उभा ऱ्हायला. "पावणं, ही येडी न्हाय. मांजराला बाधू नये म्हणून पानं आधी स्वतः चावती. आज जीभ सुजलीया म्हणून गप हाय. एरवी गप बसत न्हाय. तुम्ही बाहेर काय ऐकलं असंल ते सगळं खरं हाय. पर हिच्याबिगर हे घर चालायचं न्हाय." एवढं बोलून त्याला धाप लागली. काकूचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

मुलीचा बाप धोतरावरचे पोहे वेचत बसला. मग म्हणाला, "मांजरासाठी जी जीभ भाजून घेती, ती माझ्या पोरीला काय तरास देणार? पोहे उरल्यात का अजून?"

मागनं डॉक्टर आला आणि काकूवर जाम तापला. "कण्हेर चावली असती तर आज फोटोला हार घालायला लागला असता!" दोन दिवसांनी काकूचा आवाज आला आणि गल्लीला बरं वाटलं.

लग्न झालं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून नंदिनी आत आली, तर हातात माहेरचं मोगऱ्याचं रोप. काकूचा हात सवयीनं पानाकडं गेला. पण नंदिनीनंच आधी पान तोडून तोंडात टाकलं. चावून म्हणाली, "चालतंय, आई. बेक्कूला काय हुणार न्हाय."

"थुक! थुक आधी, भवाने! कण्हेर असती म्हंजे?" काकू अशी ओरडली की शांतव्वाची सून घरात आली, हे साऱ्या राजारामपुरीला कळलं.