न वाचलेली चिठ्ठी

जुनी इंदूरमधल्या शुभदाताईंचा गल्लीत दबदबा होता तो कचऱ्यामुळे. हसू नका, आमच्या इंदुरात माणसाची पारख अशीही होते. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं, की ताईंचे हात आपसूक चालू लागत: सालं ओल्यात, कागद सुक्यात. डोळे दुधावर असले तरी हात चुकत नसत.

बत्तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आतच यजमानांना, देवदत्तरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मग डाव्या हाताने कागदाच्या तुकड्यांवर लिहिणं सुरू झालं. पाणी. पंखा. दार लाव. दिवसाला तीस-चाळीस चिठ्ठ्या. ताईंनी सगळं केलं, कुरकूर न करता केलं. पण माणूस थकतंच. पुढेपुढे त्या चिठ्ठी घेत, न वाचताच "हो हो" म्हणत आणि पाणी पाजत. बहुतेक वेळा हवं असे ते पाणीच.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी गाडीचं गाणं वाजत असतानाच देवदत्तरावांनी चिठ्ठी पुढे केली. ताईंनी पाणी दिलं. ते मान हलवत राहिले, पण गाडी दारात आली होती. चिठ्ठी सुक्या डब्यात गेली, डबा गाडीत रिकामा झाला. दुपारी देवदत्तराव गेले.

संध्याकाळी, माणसं जमलेली असताना, ताईंना एकदम आठवलं: तो कागद पाठपोट भरलेला होता. मुलाला, हृषीकेशला, त्यांनी तसंच कचऱ्याच्या केंद्रावर पिटाळलं. तिथला माणूस हात जोडून म्हणाला, "भिया, सूखा तो दोपहर में ही प्रेस होके निकल गया." सुक्या कचऱ्याचे दाबून बांधलेले गठ्ठे केव्हाच रवाना झाले होते. शहर इतकं शिस्तीचं, की बाईला रडायलाही कागदाचा कपटा उरला नाही.

"आई, तू जानबूझकर थोडीच फेकलं?" हृषीकेश महूहून नोकरी सांभाळून येई, तेव्हा दर खेपेला समजावी. "हाताची आदत होती ती. तुझी काय गलती?"

ताई ऐकून घेत. पण त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी वर्षश्राद्धाच्या दुपारी त्या बोलल्या.

"त्या मंगळवारी मी काहीच ठरवलं नव्हतं, बरोबर आहे तुझं. पण त्याच्या आधी, कार्तिकात, एकदा ह्यांनी चिठ्ठी दिली आणि मी मनात म्हटलं, बस, आता वाचायची नाही. तेव्हा कसलीच घाई नव्हती रे. मी खुर्चीत निवांत बसले होते. पूर्ण शुद्धीत ठरवलं. हात नंतर शिकले."

हृषीकेश हळूच म्हणाला, "कार्तिकातल्या त्या चिठ्ठीत काय होतं?"

"सांगितलं ना," ताई म्हणाल्या, "वाचली नाही."