एनसीचा कागद

गरीब देशांतल्या गुन्ह्यांवर आणि न्यायावर परदेशातल्या एका विद्यापीठाचा अभ्यास चाललेला. त्यातलं ठाण्याचं काम माझ्याकडे होतं. अभ्यास कसला डोंबलाचा! जाडजूड फॉर्म घेऊन दारोदार हिंडायचं. डोंबिवलीहून ठाणे, माजिवड्याला रिक्षा बदलून कोलशेत. चाळीत शिरलं की बायका आधी विचारायच्या, "रेशन कार्डाचं आहे का?" नाही म्हटलं की निम्मी दारं बंद.

एकीने मात्र दार उघडं ठेवलं. वर पाणीही दिलं. ती खाडीकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. नवरा टेम्पो चालवायचा आणि तिला मारायचा. मी फॉर्मातला प्रश्न वाचला, पोलिसांकडे गेला होतात का? ती लगेच उठली आणि कपाटातून एक कागद काढून आणला. चक्क लॅमिनेट करून घेतलेला.

"केस टाकलीय मी त्याच्यावर," ती म्हणाली. "आता हात तर लावू दे. सरळ आत जाईल."

कागद एनसीचा होता. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. म्हणजे पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, एक प्रत हातात ठेवली, विषय संपला. कोर्टाने सांगितल्याशिवाय ते तपासही करत नाहीत, अटक तर सोडाच. पण आपल्याकडे शिक्का मारलेला कागद मिळाला की माणसाला वाटतं, झाली केस.

माझ्या फॉर्मात दोन चौकोन होते, दखलपात्र आणि अदखलपात्र. तिच्यासमोर मी दुसऱ्यावर खूण केली.

"काय लिहिलंत ताई?"

"तुम्ही सांगितलं तेच."

पुढचा प्रश्न होता, पोलिसांच्या कामावर समाधानी आहात का? "खूप," ती म्हणाली आणि कागद पदराने पुसून आत ठेवून आली.

ऑफिसातल्या मॅडमनी बजावलं होतं, उत्तर देणाऱ्याला सल्ला द्यायचा नाही, दिलात तर ते घर बाद. तिला खरं का सांगितलं नाही, याचं हे कारण मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं होतं. नियम गेला खड्ड्यात, असे कितीतरी नियम मी मोडलेले. ते घर बाद झालं असतं तर दुसरं शोधायला मला पुन्हा उन्हात कोलशेतला यावं लागलं असतं. त्याचा कंटाळा आला, बस्स.

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तेव्हा दार तिनेच उघडलं. डावा डोळा गेलेला. बाहुलीच्या जागी नुसतं पांढरं. मी बघतच राहिले आणि तिने मला बसायला खुर्ची दिली.

तिने सगळं सांगितलं, रडली वगैरे नाही. त्याने हात उगारल्यावर तिने कागद पुढे धरलेला. तो खरंच घाबरला. बरेच दिवस गप्प होता, ताट स्वतः उचलून ठेवायचा. मग टेम्पोच्या नाक्यावर त्याने कुणाला तरी मोबाईलवर कागदाचा फोटो दाखवला. तो माणूस हसला. "अरे येड्या, एनसी आहे ही. असल्या माझ्यावर चार पडल्यात." नवरा दुपारीच घरी आला. जेवढे दिवस घाबरलेला, तेवढ्या दिवसांचा राग त्याने एकदम काढला. कुकरच्या झाकणाने.

"पोलिसांकडे गेलात?" मी विचारलं. प्रश्न फॉर्मातलाच होता.

"नाही. हॉस्पिटलात सांगितलं, मोरीत पडले. परत तसलाच कागद घेऊन काय करू?"

"आणि ते?"

"आहेत की. येतील जेवायला."

मला तिथून कधी एकदा पळते असं झालं. फॉर्म मिटला, तेवढ्यात तिने मनगट धरलं.

"ताई, तो कागद काही कामाचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

"नाही," मी म्हणाले. "मला तरी कुठे ठाऊक!"

तिने हात सोडला. तिला बरंच वाटलं असावं, कारण हसली जराशी.

"वाटलंच मला. शेजारीण म्हणायची, त्या बाईला सगळं ठाऊक असणार, शिकलेली आहे. मी केवढी भांडले तिच्याशी. म्हटलं, काहीतरीच काय, ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का मला?"